युरेल पास म्हणजे सगळं फुकट? नाही हो!

‘युरेल पास काढा, ३३ देशांत कुठल्याही गाडीत बसा, वर एक पैसा नाही’ असा मेसेज व्हॉट्सॲपवर फिरतोय. युरेल म्हणजे युरोपभरच्या रेल्वेगाड्यांसाठी एकच पास. ३३ देश बरोबर. पुढचं अर्धवट.

फ्रान्सची टीजीव्ही, इटलीची फ्रेचारोसा, लंडन-पॅरिस युरोस्टार या वेगवान गाड्यांत पास असला तरी आरक्षण सक्तीचं आणि त्याचे पैसे वेगळे. युरोस्टारमध्ये तर पासवाल्यांच्या जागाच मोजक्या. इटलीतली इटालो ही खासगी गाडी पास मुळात घेतच नाही. स्वित्झर्लंडच्या युंगफ्राउयोखला जाणाऱ्या डोंगरी गाडीत फक्त सवलत मिळते. उलट जर्मनीच्या आयसीई या वेगवान गाडीत मोबाइलवरच्या पासचा क्यूआर कोड दाखवला की झालं, जागा मिळेल तिथे बसा.

म्हणून रोम-फ्लॉरेन्स-व्हेनिस एवढंच करणार असाल, तर दोन महिने आधी काढलेली सुटी तिकिटं बहुधा स्वस्त पडतात. जर्मनी-ऑस्ट्रियात रोज बेत बदलत हिंडणाऱ्याला पास परवडतो. चार ते अकरा वर्षांची मुलं मोठ्यांसोबत मोफत, पण त्यांचाही पास काढावा लागतो. हे बरेच जण विसरतात.

आणि जर्मनीत शिकणाऱ्या भाच्याला हा मेसेज पाठवू नका. युरोपात राहणाऱ्यांसाठी युरेल नसतोच, त्यांचा पास वेगळा, इंटररेल.