कवचाला दरड दिसत नाही

गणपतीच्या तिकिटांची मारामारी सुरू झाली की चाकरमान्यांच्या ग्रुपवर 'कवच' या रेल्वेच्या टक्कर टाळणाऱ्या यंत्रणेबद्दल एक मेसेज हमखास फिरतो: "कवच बसवा, कोकण रेल्वे पावसातही ताशी १६० किमीने पळेल. वैभववाडीचा अपघातसुद्धा टळला असता. गाड्या हळू चालवायचं पावसाळी वेळापत्रक म्हणजे कामचुकारपणा. जपानात पाऊस पडत नाही काय?"

आधी वैभववाडी. २२ जून २००३च्या रात्री कारवारहून मुंबईकडे निघालेली हॉलिडे स्पेशल रुळावर आलेल्या दरडीवर गेली. पन्नासवर माणसं दगावली. पुढच्याच जूनमध्ये महाडजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेसचं तेच झालं. कवच काय करतं? रुळांमध्ये बसवलेल्या रेडिओ टॅगवरून इंजिनाला आपली जागा कळते, टॉवरवरून रेडिओने पुढचा सिग्नल कळतो. लाल सिग्नल ओलांडला जातोय, वेग मर्यादेबाहेर गेलाय किंवा त्याच रुळावर समोर गाडी आहे, असं दिसलं की ब्रेक आपोआप लागतात. दगडाला टॅग नसतो. तो सिग्नल हिरवा असतानाच खाली येतो.

म्हणून मुसळधार पावसात, समोरचं दिसेनासं झालं की ४०ची मर्यादा. १२०च्या गाडीला थांबायला ४०च्या गाडीपेक्षा साधारण नऊपट अंतर लागतं.

कामचुकारपणाचं म्हणाल, तर एकदा कोकणातल्या नांदगावच्या अलीकडे गाडी रेंगाळली तेव्हा मी खिडकीतून पाहिलं. मिट्ट काळोख, डोंगर कापून केलेल्या कटिंगच्या कडेला गमबुटातला एक जण, हातात बत्ती. अशा गस्तवाल्यांकडे फटाके असतात. दरड दिसली की ते रुळावर बांधायचे, चाकाखाली वाजले की लोको पायलट ब्रेक मारतो. एसी डब्यातून मेसेज पुढे ढकलणाऱ्यांनी एक रात्र तिथे काढावी.

आणि जपानात पडतो की पाऊस! पर्जन्यमापकाचा आकडा हद्दीबाहेर गेला की शिंकान्सेनही हळू करतात, थांबवतात. भूकंपासाठी वेगळी यंत्रणा आहे, ती धक्क्याची पहिली लाट पकडून वीज तोडते. आपल्याकडेही सावित्री-वाशिष्ठीच्या पुलांवर पाण्याची पातळी आणि रत्नागिरीजवळच्या पानवलच्या पुलावर वारा मोजतातच.

कवच नको असं मी म्हणत नाही. टक्कर टाळणारं यंत्र तर कोकण रेल्वेनेच पूर्वी बनवलं होतं. मार्ग बहुतेक एकेरी, स्टेशनात क्रॉसिंगला, म्हणजे वाट द्यायला, समोरची गाडी उभी. तिथे लाल चुकला तर काय होईल ते सांगायला नको. तेवढ्यासाठी ते लवकर यावं. पण कवच मर्यादा पाळायला लावतं, वाढवत नाही. १६० हवे असतील तर ते रूळ, वळणं आणि डोंगरउतारांकडे मागा.