एरिक क्रॅट्झ आणि ड्राफ्टची 29 वी फेरी

एरिक क्रॅट्झ हा कॅचर, म्हणजे बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणारा खेळाडू, 2010 ते 2020 या काळात अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये नऊ वेगवेगळ्या संघांकडून खेळला आणि त्याची फलंदाजीची सरासरी .209, म्हणजे हजार संधींत 209 यशस्वी फटके, अशी राहिली. नुसते आकडे वाचणारा त्याला सामान्य खेळाडू ठरवून पुढे जाईल. माझे मत वेगळे आहे. बेसबॉल हा खेळ कशावर चालतो हे समजून घ्यायचे असेल, तर मोठ्या नावांपेक्षा क्रॅट्झची कारकीर्द पाहावी. आणि अशा कारकिर्दीला लागणारा वेळ आता या व्यवस्थेतून काढून घेतला जात आहे, याची मला खंत वाटते.

क्रॅट्झ मूळचा पेनसिल्व्हेनियाचा. व्हर्जिनियातील ईस्टर्न मेनोनाइट विद्यापीठ या लहानशा, खेळासाठी शिष्यवृत्ती न देणाऱ्या संस्थेतून तो आला. 2002 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवोदितांच्या वार्षिक निवडीत, टोरोंटो ब्लू जेजने त्याला 29 व्या फेरीत घेतले, तेव्हा त्याच्या आधी आठशेहून अधिक खेळाडू निवडले गेले होते. त्यानंतरची आठ वर्षे मायनर लीगमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या खालच्या पातळ्यांवर, गेली. जुलै 2010 मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सकडून तो पहिला मेजर लीग सामना खेळला, तेव्हा तो 30 वर्षांचा होता, आणि त्या वयात बरेच खेळाडू निवृत्तीची भाषा बोलू लागलेले असतात. पुढे फिलाडेल्फिया, टोरोंटो, कॅन्सस सिटी, ह्यूस्टन, न्यूयॉर्क यँकीज, मिलवॉकी, सॅन फ्रान्सिस्को आणि टँपा बे अशी भ्रमंती झाली, आणि मधल्या काळात मायनर लीगच्या फेऱ्याही चालूच राहिल्या.

ज्याच्या बॅटीला पाच संधींत जेमतेम एकदा यश मिळते, त्याला इतके संघ पुन्हा पुन्हा का बोलावतात? याचे उत्तर कॅचरच्या कामात आहे. आपल्याकडे त्याची तुलना लगेच विकेटकीपरशी केली जाते, पण ती अर्धीच लागू पडते, कारण कोणता चेंडू टाकायचा हे विकेटकीपर ठरवत नाही. कॅचर एका सामन्यात साधारण दीडशे वेळा उकिडवा बसतो आणि जवळपास प्रत्येक वेळी पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, कोणता चेंडू, कोणत्या बाजूला, किती उंचीवर हे सुचवतो. समोरच्या बॅटरने मागच्या खेपेला काय केले, आपल्या पिचरचा हात आज कुठे कमी पडतो आहे, पहिल्या बेसवर, म्हणजे पहिल्या टप्प्यावर, थांबलेला धावपटू पुढे पळण्याच्या बेतात आहे का, हे सगळे त्याला एकाच वेळी डोक्यात ठेवावे लागते. शिवाय स्ट्राइकच्या (बॅटरच्या विरोधात मोजल्या जाणाऱ्या योग्य चेंडूच्या) सीमेवरचा चेंडू हातमोज्यात असा अलगद झेलायचा की अंपायरने तो स्ट्राइकच मानावा, या कौशल्याला फ्रेमिंग म्हणतात. (मला ही अंपायरची गोड फसवणूकच वाटते, पण खेळाने ती कला म्हणून मान्य केली आहे.) फ्रेमिंगचे मोजमाप अलीकडे होऊ लागले असले, तरी पिचरचा विश्वास मिळवण्याचे मोजमाप अजून कोणालाही साधलेले नाही.

2018 मध्ये मिलवॉकी ब्रुअर्सने 38 वर्षांच्या क्रॅट्झला कोलोरॅडो रॉकीजविरुद्धच्या बाद फेरीच्या मालिकेत उतरवले. बाद फेरीत इतक्या उशिरा मिळालेल्या त्या पहिल्या संधीत त्याने आठपैकी पाच वेळा यशस्वी फटके मारले आणि ब्रुअर्सने ती मालिका 3-0 अशी जिंकली. मला मात्र 2020 मधला यँकीजकडचा क्रॅट्झ अधिक महत्त्वाचा वाटतो. चाळिशीचा हा माणूस डेव्ही गार्सियासारख्या तरुण लॅटिन अमेरिकी पिचरांशी त्यांच्या स्पॅनिशमध्ये बोलत असे, आणि त्यांच्याविषयी पत्रकारांना सांगताना त्याचा कंठ दाटून आला होता. त्याच वर्षी तो निवृत्त झाला.

आता व्यवस्थेकडे पाहू. 2021 पासून ड्राफ्ट 40 ऐवजी 20 फेऱ्यांचा झाला आहे, म्हणजे क्रॅट्झ ज्या फेरीत निवडला गेला, ती फेरीच उरलेली नाही. त्याच सुमारास मेजर लीगशी जोडलेल्या मायनर लीग संघांची संख्या सुमारे 160 वरून 120 वर आणली गेली. निवड न झालेल्या खेळाडूला कोणताही संघ थेट करारबद्ध करू शकतो, हा युक्तिवाद खरा आहे. परंतु जागाच कमी झाल्यावर आठ वर्षे धीर धरून एखाद्या कॅचरला शिकू देण्याची तयारी किती संघ दाखवतील? कॅचरची समज बहुधा पंचविशीच्या आत पक्की होत नाही, आणि त्या वयापर्यंत थांबण्याची संघांना आता सवय राहिलेली नाही.

जुनी व्यवस्था दयाळू होती, असेही मी म्हणणार नाही. मायनर लीगच्या खेळाडूंना बहुधा हंगामापुरतेच वेतन मिळे, आणि 2018 मध्ये तर अमेरिकी काँग्रेसने कायदा करून त्यांना केंद्रीय किमान वेतनाच्या संरक्षणातूनच बऱ्याच अंशी वगळले. 2022 मध्ये खेळाडू संघटित झाले आणि 2023 च्या पहिल्या सामूहिक करारानंतर मेजर लीगच्या लगतच्या ट्रिपल-ए पातळीवरचे किमान वार्षिक वेतन 35,800 डॉलर झाले. मेजर लीगचे किमान वेतन त्याच वर्षी 7,20,000 डॉलर होते. दोन पातळ्यांमध्ये एका पायरीचे अंतर, पण मिळकतीत वीसपट फरक, आणि क्रॅट्झसारख्याला ती पायरी पुन्हा पुन्हा चढावी-उतरावी लागते.

2026 च्या हंगामापासून चेंडू स्ट्राइक की बॉल (म्हणजे सीमेबाहेरचा) या अंपायरच्या निर्णयाला यंत्राच्या आधारे आव्हान देता येते. अन्यायाचे निर्णय सुधारतील, म्हणून या बदलाला माझा विरोध नाही. मात्र फ्रेमिंगची किंमत त्यामुळे घसरणार, आणि ती घसरली की संघ कॅचर निवडताना पुन्हा त्याच्या बॅटीकडेच आधी पाहतील, अशी माझी अटकळ आहे. तसे झाले, तर .209 सरासरीच्या कॅचरला तिशीनंतर फोन करणारा संघ मिळणे आणखी कठीण होईल.