प्लेटोकडचं जेवण

न्यू जर्सीतल्या पन्नाशी उलटलेल्या मराठी माणसाने उन्हाळ्यात काय करायचं, हे ठरलेलं आहे. कढीपत्त्याची कुंडी घरातून बाहेर काढायची, शनिवारी गवत कापायचं, मंडळाच्या पिकनिकला कणसं भाजायची आणि भारतातून आलेल्या पाहुण्यांना नायगारा दाखवायचा. यातलं काहीही चुकवायचं तर कारण तसंच सबळ लागतं. बायपास चालते. "मला प्लेटो वाचायचाय" हे चालत नाही.

तरी मी ते देऊन पाहिलं. मुलगा कॉलेजला गेल्यापासून मी संध्याकाळचा फ्रिजचं दार उघडून नुसताच उभा राहतो, असं बायकोचं म्हणणं होतं. "काहीतरी शिका हो," ती म्हणाली. तिच्या मनात पोहणं होतं. नेमकं त्याच आठवड्यात जवळच्या एका कॉलेजचं पत्रक टपालात आलं. लिबरल स्टडीजमध्ये एम.ए., खास प्रौढांसाठी, उन्हाळी सत्र. सहा आठवडे, आठवड्यातून दोन संध्याकाळी, तीन-तीन तास. तत्त्वज्ञान, इतिहास, साहित्य, विज्ञान, वाटेल ते घ्या, एकेक कोर्स करत सवडीने पदवी मिळवा. प्रवेश परीक्षा नाही. प्रवेश परीक्षेशिवाय काहीतरी मिळतंय म्हटल्यावर आमच्या पिढीचा माणूस आधी सही करतो, मग विषय बघतो.

हे वर्ग उन्हाळ्यातच का, तर मुळात ते शाळामास्तरांसाठी निघाले. इथे शाळांना जून अखेरीपासून दोन महिने सुट्टी, आणि मास्टर्स केलं की शिक्षकाचा पगार बहुतेक ठिकाणी एक पायरी वर सरकतो. शेजारच्या कनेक्टिकटमधल्या वेस्लियन विद्यापीठाने 1953 साली असा अभ्यासक्रम सुरू केला, तो या जातीतला सर्वांत जुना. न्यू मेक्सिकोत सांता फेच्या सेंट जॉन्स कॉलेजने 1967 साली शिक्षकांसाठीच उन्हाळी वर्ग काढले. तिथे व्याख्यान हा प्रकारच नाही, एका टेबलाभोवती बसून ग्रंथ समोर ठेवायचा आणि बोलायचं. पुढे या वर्गांना नर्सा, वकील, निवृत्त लोक, नवरे गमावलेल्या बायका आणि फ्रिजपाशी उभे राहणारे नवरे येऊ लागले.

सांगलीला फोन केला तर आईने पहिला प्रश्न विचारला, "कशात राहिलायस का तू?" इंजिनिअरिंग सुटून तीस वर्षं होऊन गेली, पण तिच्या लेखी केटी कधीही निघू शकते. नाही म्हटलं, आवड म्हणून करतोय. "पगार वाढणार का?" नाही. "मग मास्तर मार्क देणार का?" देणार. "म्हणजे फी तू भरायची आणि नापास व्हायची भीतीही तूच घ्यायची," ती म्हणाली आणि फोन बहिणीकडे दिला. या पूर्ण पदवीवर इतकी नेमकी टीका मी पुढे कुठल्याही ग्रंथात वाचली नाही.

फीचं मात्र एक होतं. अमेरिकेच्या करकायद्यातल्या 127व्या कलमाप्रमाणे कंपनीने तुमच्या शिक्षणावर वर्षाला 5,250 डॉलरपर्यंत खर्च केला, तर त्यावर तुम्हाला कर पडत नाही. शिक्षण नोकरीशी संबंधित हवं, असंही कायदा म्हणत नाही. खेळ, करमणूक आणि छंद तेवढे एरवी चालत नाहीत. प्लेटो यातल्या कशात मोडतो, याचा मी बराच विचार केला. आमच्या विमा कंपनीच्या फॉर्मवर मात्र एक चौकोन होताच : 'या शिक्षणाचा तुमच्या कामाला काय उपयोग?' मी लिहिलं, 'न्याय म्हणजे काय याचा सखोल अभ्यास. क्लेम मंजूर-नामंजूर करणाऱ्या सिस्टीमला पूरक.' मॅनेजरने मंजुरी दिली. वाचलं नसावं. अट एकच, ग्रेड किमान 'बी' हवी.

वर्गात पाऊल टाकलं आणि पहिला धक्का बसला तो थंडीचा. बाहेर घामाच्या धारा, आत एसी असा की सगळा वर्ग जुलैत स्वेटर घालून बसलेला. तो एसी म्हणे इमारतीबाहेरून कुठूनतरी चालतो आणि त्याच्यापुढे कोणाचं काही चालत नाही. एक निवृत्त नर्स गुडघ्यांवर घोंगडी घेऊन आली होती. तिच्या शेजारी इतिहासाचा शाळामास्तर, मग एक वकीलीणबाई, मग निवृत्त पोलीस. आमच्या प्रोफेसर माझ्यापेक्षा पंधराएक वर्षांनी लहान असाव्यात. त्या आत आल्या आणि मी उभा राहिलो. एकटाच. त्यांना वाटलं मला बाथरूमला जायचंय, त्यांनी अतिशय सौजन्याने दिशा दाखवली. आता उभा राहिलोच होतो, म्हणून जाऊन आलो.

दुसरा धक्का गुणपत्रकाचा. चर्चेतल्या सहभागाला तीस टक्के! म्हणजे बोलण्याचे मार्क. आमचं सगळं शिक्षण 'गप्प बसा'च्या तत्त्वावर झालेलं. तीस टक्के पोर्शन तर आम्ही ऑप्शनला टाकायचो. पी.एल.मध्ये, म्हणजे परीक्षेआधीच्या सुट्टीत, अपेक्षित प्रश्न घोकायचे, काचेखाली बल्ब लावून दुसऱ्याच्या ड्रॉइंगवरून जीटी मारायची, सबमिशनच्या दिवशी सरांच्या केबिनबाहेर फाइल धरून उभं राहायचं, यात माझा हात कोणी धरला नसता. ओरलला तोंड उघडायला लागायचं, पण तिथे उत्तर ठरलेलं असायचं आणि ते सरांना माहीत असायचं. इथे बाई प्रश्न विचारतात आणि उत्तर त्यांनाही माहीत नसतं, आणि त्याचा त्यांना आनंद होतो. मी पहिल्या तासाला शेवटपर्यंत वाट पाहिली, की आता त्या वहीत लिहून घ्या म्हणतील. त्या म्हणाल्या, "फार छान गोंधळ झाला आज," आणि गेल्या.

बाकीचे लोक मात्र तोंडाने कमी पडत नव्हते. आम्ही वाचत होतो ते प्लेटोचं 'रिपब्लिक', न्याय म्हणजे काय यावर सॉक्रेटिसने इतरांशी घातलेला दहा भागांचा वाद. थ्रॅसिमॅकस नावाचा एक गृहस्थ त्याच्या पहिल्या भागात आरडाओरडा करतो, की न्याय म्हणजे बळी तो कान पिळी. त्यावर पोलीसदादा म्हणाले, "या माणसाला मी पकडलंय. दोनदा." वकीलीणबाई म्हणाल्या, मी त्याला सोडवलंय. मी मान डोलावली. मान डोलावण्याला मार्क नाहीत, हे सिलॅबसमध्ये स्पष्ट नव्हतं म्हणून ईमेलने विचारून घेतलं.

प्रत्येकाकडे वेगळं भाषांतर, त्यामुळे पान कोणाचंच जुळेना. त्यावर उपाय म्हणजे समासातले आकडे. 1578 साली जिनिव्हात स्टेफानस नावाच्या मुद्रकाने प्लेटोची आवृत्ती छापली, तिच्या पानांचे आकडे आजही जगभर चालतात. "तीनशे पन्नास ड काढा" म्हटलं की सगळे एका ओळीवर. तिथे थ्रॅसिमॅकस हरतो आणि घामाघूम होतो, 'कारण उन्हाळा होता' असं सॉक्रेटिस सांगतो. अडीच हजार वर्षांपूर्वीचा तो वर्गही उन्हाळीच होता. त्यांच्याकडे एसी नव्हता एवढंच. दातावर दात आपटत ती ओळ वाचताना मला थ्रॅसिमॅकसचा हेवा वाटला.

खरी अडचण मला न्यायाची नव्हतीच. सुरुवातीपासून माझा जीव दुसऱ्याच गोष्टीत अडकला होता. सॉक्रेटिस पायरियस बंदरावर देवीचा उत्सव बघायला गेलेला असतो. घरी परतताना पोलेमार्कसचा नोकर मागून त्याचा अंगरखा ओढतो. मग पोलेमार्कस आणि त्याच्याबरोबरची मंडळी येऊन म्हणतात, जायचं नाही, संध्याकाळी घोड्यांवरून मशालींची शर्यत आहे, रात्रभर उत्सव आहे, जेवून सगळे बघायला जाऊ. चांगलं आग्रहाचं घर. आत म्हातारे वडील केफालस डोक्याला फुलांची माळ घालून, नुकतंच देवाचं आटोपून बसलेले. अहो, तुम्ही येतच नाही आमच्याकडे, म्हणून तक्रार करतात. इथवर सगळं ओळखीचं. पण पुढे पहिला भाग संपतो, दुसरा संपतो, तिसऱ्यात आदर्श राज्यातल्या शिपायांनी काय खावं याची चर्चा होते, आणि पाहुण्यांना कोणी पाणी सुद्धा विचारत नाही.

प्रोफेसरबाईंनी एकदा थेट माझ्याकडे बघून विचारलं, तुम्हाला काय वाटतं? वाटत काहीच नव्हतं. पण तीस टक्क्यांचा सवाल होता. मी म्हटलं, "हे लोक जेवले कधी?"

शांतता. मग पानांची सळसळ. वकीलीणबाई मागून पुढे, मास्तर पुढून मागे. पोलीसदादांनी चष्मा काढला आणि साक्ष द्यावी तसं सांगितलं, "दहाही भाग पाहिले. जेवणाची नोंद नाही. शर्यतीचीही नाही." प्रोफेसरबाईंचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, झाला आपला कोर्स. त्यांनी तीनशे चोपन्न काढायला सांगितलं. तिथे थ्रॅसिमॅकस म्हणतो, सॉक्रेटिसा, हे वादविवाद हीच तुझी आजची मेजवानी समज.

"बोलाची कढी, बोलाचा भात," मी पुटपुटलो. काय म्हणालात, मोठ्याने म्हणा. मग कढी म्हणजे काय इथून सुरुवात झाली. ताक की दही, लसूण की आलं, उकळी आणायची की नाही. नर्सबाईंनी कृती लिहून घेतली. त्यानंतर तास संपेपर्यंत वर्ग एकाच प्रश्नावर भांडत होता : भुकेल्या माणसाला न्यायावर बोलता येतं का, आणि पोट भरल्यावर कोणी बोलेल का. माझं काम झालं होतं. मी घोंगडीचं एक टोक मागून घेतलं.

पण ख्याती महाग पडते. तिथून पुढे जेवण, पाहुणे किंवा देवधर्म निघाला की सगळे माझ्याकडे बघायचे. दहाव्या भागात तर मरून परतलेल्या एर नावाच्या माणसाची गोष्ट आहे, त्यात आत्मे पुढचा जन्म निवडतात. पुनर्जन्म हा शब्द आला आणि अख्ख्या टेबलाच्या माना वळल्या, जणू ते खातं माझ्याकडे आहे. ओडिसियस या ग्रीक महाकाव्यातल्या वीराचा आत्मा इतक्या मोहिमा करून दमलेला असतो, तो शोधून शोधून एका साध्या, आपल्यापुरतं बघणाऱ्या माणसाचा जन्म घेतो. मी म्हटलं, तो आमच्या गल्लीतच राहतो, शनिवारी गवत कापतो. याचेही मार्क मिळाले.

ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीस आणि फ्रेंच निबंधकार माँतेन घाईघाईत उरकले, कारण तोवर मेहुणी आणि साडू येऊन थडकले होते. नायगारा अटळ होता. जाताना सात तास गाडीत साडूंनी विचारपूस केली. "कसला कोर्स? एआयचा?" नाही, प्लेटो. "अच्छा. पायथॉनसारखं आहे का?" मी हो म्हटलं. पुढे त्यांनी मला त्याला मार्केट कसं आहे, तेही विचारलं, आणि मी फार काही नाही असं सांगितल्यावर वेळीच सोडा म्हणून सल्ला दिला. बोटीवर सगळ्यांना निळे प्लास्टिकचे रेनकोट देतात, त्याच्या आत मी पुस्तक धरलं होतं. शेवटचा पेपर सोमवारी द्यायचा होता. धबधब्याच्या ऐन तोंडाशी बायको ओरडली, "आता तरी वर बघा!" फोटोत सगळे धबधब्याकडे बघताहेत, आणि मी स्वतःच्या पोटाकडे.

पेपर पंधरा पानांचा. आम्ही निबंध लिहायला शिकलो तो प्रस्तावना, मुद्दे, उपसंहार आणि शेवटी एक सुविचार असा. मुलाला कच्चा खर्डा पाठवला. लहानपणी त्याचा गणिताचा गृहपाठ मी ज्या आवाजात तपासायचो, अगदी त्याच आवाजात तो म्हणाला, "बाबा, यात थिसिस कुठाय?" म्हणजे निबंधाचा मुख्य दावा. येतोय, चौथ्या पानावर. "तोवर कोण थांबणार?" प्रोफेसरबाईंनी खर्डा परत केला तेव्हा समासात जागोजागी हिरव्या शाईत एकच शेरा होता, 'सो व्हॉट?' बायकोने तो वाचला आणि म्हणाली, "हे मी लग्न झाल्यापासून विचारतेय. फुकट."

शेवटी मी केफालसवर लिहिलं. अख्ख्या पुस्तकात तो एकटा शहाणा. न्याय म्हणजे काय, हा प्रश्न जरा अंगाशी येतोय असं दिसताच तो म्हणतो, मला देवाचं बघायचंय, पुढचं मुलगा सांभाळेल, आणि हसत उठून जातो. पुन्हा फिरकत नाही. कुठल्याही वाड्यातल्या बैठकीत वाटणीचा विषय निघाला की आजोबा हेच करायचे. आणि माझा मुद्दा असा, की जेवला असेल तर त्या घरात तो एकटाच जेवला असेल. 'बी प्लस' मिळाला. शेरा : 'शेवटचं विधान सिद्ध होत नाही, पण पटतं.'

कंपनीने पैसे दिले. भानगड झाली ती नंतर. ऑफिसच्या मीटिंगमध्ये कोणी म्हणालं, की यंदा ग्राहकांना अधिक चांगला अनुभव द्यायचाय, की माझ्या तोंडून निघून जातं, "चांगला म्हणजे नेमकं काय?" लोक व्याख्या देतात. मी विचारतो, मग अमुक बाबतीत हे लागू होईल का? ते म्हणतात नाही. मग व्याख्या बदलतात. परवाची अर्ध्या तासाची मीटिंग दीड तास चालली, जेवणाची सुट्टी त्यातच गेली आणि शेवटी आम्ही सगळे मिळून अशा निष्कर्षाला आलो, की क्लेम म्हणजे काय हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नाही. मला ती मीटिंग फार आवडली.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरने बाजूला घेतलं. पुढच्या उन्हाळ्यात असलं काही नको, त्यापेक्षा क्लाऊडचं सर्टिफिकेट करून टाक, म्हणाला. सगळी फी कंपनी देईल. ग्रेडची अटही काढतो.