‘कारण’ नावाचा रकाना

डोकं फिरलंय आज, त्यामुळे लांबेल. मी नाशिकला इंजिनिअरिंगच्या थर्ड इयरला, गाव निफाडकडे, रूम म्हसरूळला. डिसेंबरपासून झोप गेली. रात्री साडेतीनपर्यंत पंख्याकडे बघत पडायचं आणि सकाळी हातात ब्रश घेऊन बाथरूमच्या दारात नुसतं उभं राहायचं, पुढे काय करायचं तेच सुचायचं नाही. हा अभ्यासाचा कंटाळा नाही हे मला कळत होतं, म्हणून स्वतःहून मदत शोधायला निघाले आणि चार महिने त्या शोधण्यातच गेले. चार महिने!

आधी कॉलेज. दुसऱ्या मजल्यावर ‘समुपदेशन कक्ष’ अशी पाटी आहे, कुठली तरी कमिटी येणार होती तेव्हा लावलेली. दाराला कुलूप. शिपाईकाका म्हणाले मॅडम लेक्चरला गेल्यात. काउन्सेलर कोण, तर ज्या विषयात माझा बॅकलॉग आहे तोच शिकवणाऱ्या मॅडम, इंटर्नलचे मार्कही त्यांच्याच हातात! बाहेर टेबलावर रजिस्टर उघडंच पडलेलं. नाव, वर्ग, रोल नंबर, मोबाईल आणि शेवटचा रकाना ‘कारण’, बोटभर रुंदीचा. माझ्या वरच्या ओळीत एका मुलीने काहीतरी लिहून निळ्या पेनाने इतकं गिरवून खोडलं होतं की कागद फाटला होता, आणि बाजूला बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘अभ्यास’. मी पण ‘अभ्यास’च लिहिलं. येणारा-जाणारा कोणीही वाचणार, तिथे दुसरं काय लिहिणार?

मॅडम स्वभावाने वाईट नाहीत, पण त्यांना या कामाचं शिक्षण कोणी दिलंय? मोबाईल कमी कर, प्राणायाम कर, घरचे तुझ्यासाठी किती कष्ट करतात त्याचा विचार कर. अहो मॅडम, तोच विचार करकरून तर झोप लागत नाहीये!

आणि हे चालतं कसं? सुप्रीम कोर्टाने जुलै २०२५ मध्ये स्पष्ट सांगितलंय की १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित काउन्सेलर, सायकॉलॉजिस्ट किंवा सोशल वर्कर पाहिजे. आमच्या एका वर्षाच्या एका ब्रँचलाच साठ पोरं आहेत, करा हिशोब.

मग बाहेर शोधलं. गंगापूर रोडला एक ‘काउन्सेलर’ सापडले, बाराशे रुपये भरले, मेसच्या पैशातले, आणि ते निघाले करिअरवाले. बोटांचे ठसे घेऊन मला कुठली ब्रँच सूट होते ते सांगायला लागले. तिथून उठून खाली आले आणि पार्किंगमध्ये रडले. नंतर एका सायकिॲट्रिस्टकडे गेले, दोन तास बाहेर बसून आत सहा मिनिटं. गोळ्या दिल्या, पण त्यांचा फरक जाणवायला काही आठवडे लागतात, मनाने बंद करायच्या नाहीत, हे कोणी सांगितलंच नाही. पाचव्या दिवशी मी सोडून दिल्या. गोळ्या चुकीच्या नव्हत्या हो, सांगायला कोणाकडे एक मिनिट नव्हतं.

सायकिॲट्रिस्ट म्हणजे एमबीबीएसनंतर मानसोपचार शिकलेला डॉक्टर, तो औषध देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट थेरपी करतो, त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे नोंदणी लागते आणि ती ऑनलाइन बघता येते. आणि काउन्सेलर ही पाटी लावताना कोणी अडवत नाही. एवढं कळायला मला चार महिने का लागावेत? फ्रेशर्सच्या ओरिएंटेशनला तीन तास ड्रेसकोड आणि अटेंडन्सवर बोलतात, यावर दोन मिनिटं नाही? १४४१६ ही सरकारची टेलिमानस लाईन, म्हणजे मानसिक त्रासासाठीची हेल्पलाईन, २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, तीसुद्धा मला मार्चमध्ये रूममेटने सांगितली. कॉलेजच्या एका भिंतीवर हा नंबर नाही.

घरी वेगळीच तऱ्हा. आई म्हणाली वणीला जाऊन येऊ, मी गेले, आईबरोबर गडावर बरंही वाटलं, पण खाली आल्यावर रात्र तीच होती. पप्पांनी एवढंच विचारलं, गावात कळलं तर? मग मी विम्याचं बघितलं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात लिहिलंय की शारीरिक आजारासारखाच मानसिक आजारालाही विमा द्यायचा, पण आमची पॉलिसी ॲडमिट झालं तरच पैसे देते. म्हणजे थेरपीच्या फीसाठी काही नाही, आधी ॲडमिट होण्याइतकं बिघडू द्यायचं का?

सगळ्यात जास्त राग याचा येतो की ज्याला अंथरुणातून उठवत नाही त्यानेच पंधरा फोन करायचे, रिव्ह्यू वाचायचे, फी विचारायची आणि प्रत्येक नव्या माणसासमोर पहिल्यापासून सगळं सांगायचं. ताप आलेल्या पोराला कोणी म्हणतं का, जा, आधी कुठला डॉक्टर खरा ते शोधून ये?

आता एक क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मिळाल्यात, एक आड एक गुरुवारी जाते, फी दादा देतो. गोळ्याही त्यांच्या ओळखीच्या डॉक्टरांकडून नीट विचारून परत चालू केल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, झोप कधीपासून गेली? डिसेंबरपासून हे वाक्य पूर्ण ऐकून घेणारं पहिलं माणूस.

काल सेकंड इयरची एक मुलगी त्या टेबलापाशी उभी होती, पेन हातात. मला म्हणाली, ताई, कारणात काय लिहायचं? मी रजिस्टर बंद केलं, तिला कॅन्टीनला नेलं, नंबर दिला. आज प्रिन्सिपल सरांच्या नावाने अर्ज दिलाय, शिकलेला काउन्सेलर नेमा आणि ते रजिस्टर आधी उचला. क्लार्क म्हणत होता ठेवून जा. मी आवकचा शिक्का पडेपर्यंत खिडकीसमोरून हलले नाही.