रॅम्प केलाय म्हणे!

मी व्हीलचेअरवर. साताऱ्यात कुठल्याही कचेरीत "आत जाता येत नाही" अशी तक्रार केली की उत्तर ठरलेलं: "ताई, रॅम्प केलाय की!" अहो, केलाय, दिसतोय मला. पण तो उतार आहे का घसरगुंडी? नियम सांगतो १:१२, म्हणजे एक फूट चढायला किमान बारा फूट लांबी. इथे पायऱ्यांवर सिमेंट थापलं की झालं काम! व्हीलचेअरची पुढची चाकं उचलली जातात, मागे उलथून पडायची भीती. धरायला कठडा नाही. आणि रॅम्पच्या तोंडाशीच आडव्या लावलेल्या मोटारसायकली, मालकांचा पत्ता नाही.

मग चौघंजण धावत येतात आणि न विचारता खुर्चीला हात घालतात. कोण चाक धरतं, कोण पाय ठेवायची पट्टी, जी ओढली की निघून हातात येते. "थांबा, आधी ब्रेक लावू द्या," हे कुणी ऐकतच नाही. मनानं चांगली असतात माणसं, मान्य. पण आधी विचारा हो! पडले तर मोडेल ते हाड माझं.

कसंबसं वर पोचावं, तर साहेब माझ्या भावाला विचारणार, "यांचं काय काम आहे?" अर्ज माझा, सही माझी, यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगाचं ओळखपत्र, माझ्या हातात. मला विचारा ना!

दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे, तरी अजून ही तऱ्हा. रॅम्प बांधला की आमच्यातल्या एकाला बोलवा, एकट्यानं चढून बघू दे. ठेकेदाराचं बिल त्यानंतरच काढा.