ताईंना भेटा, पण ऐकू नका

अ‍ॅप बनवताय आणि मीटिंगमध्ये कुणीतरी 'आधी युजर रिसर्च करू', म्हणजे वापरणाऱ्यांना भेटून त्यांचं काम समजून घेऊ, म्हणून बसलंय? घाबरू नका. गेल्याच महिन्यात अशा एका दौऱ्यात मी टिपणं काढायला होते. जालन्याकडचं गाव, अंगणवाडी ताईंसाठी अ‍ॅप, शहरातून आलेली तीन मुलं. तीन दिवसांचं काम चार तासांत कसं उरकतात ते बघून आले. फुकटात सांगते.

गावात दुपारी पोचा. तोवर पोरं खिचडी खाऊन घरी गेलेली असतात, म्हणजे प्रत्यक्ष काम बघायची आफत टळते.

सुपरवायझर मॅडमना ताईंच्या शेजारीच बसवा. मग विचारा, "हे फीचर आवडेल ना?" ताई मॅडमकडे बघतील, पदर सावरतील आणि म्हणतील, "हो सर, छानच आहे." लिहा: प्रतिसाद उत्साहवर्धक.

पाच माणसं पुरतात, असं वेबसाइटा वापरायला सोप्या कशा करायच्या यातले तज्ज्ञ याकोब नील्सन यांनी २००० सालीच लिहून ठेवलंय. ते तयार स्क्रीनच्या चाचणीबद्दल होतं, हे कुणाला सांगू नका.

मॅडम फोन घ्यायला बाहेर गेल्या आणि ताई खरं बोलायला लागल्या, तर लगेच घड्याळ बघा. आमच्या ताई लागल्या ना! वजन करताना एक हात पोराला, एक काट्याला, मोबाइल धरायचा कशात? म्हणून आधी वहीत लिहायचं. रेंज फक्त गच्चीवर, तिथे रात्री मुलगा भरतो, कारण पासवर्ड त्यालाच पाठ. ओटीपी जातो बाळाच्या बापाला, आणि बाप ऊसतोडीला कोल्हापूरकडे. तो फडातून फोन उचलेपर्यंत मुदत संपते. पुन्हा ओटीपी, पुन्हा फोन. तिसऱ्यांदा तो आकडा सांगतच नाही. खात्यातले पैसे जातील म्हणतो. बरोबरच आहे त्याचं! ओटीपी कुणाला सांगू नका, हे आपणच नाही का त्याच्या कानीकपाळी ओरडलो? एवढं सगळं ऐकून आमचा डिझायनर काय विचारतो? "ताई, बटण निळं आवडेल की हिरवं?"

हिरवंच ठेव, बाबा. ज्या कंपनीच्या नावाने आपण झेरॉक्स मारतो, तिनेही १९८०च्या दशकात 'हिरवं बटण दाबा की झालं' असंच सांगितलं होतं. लोकांना ते यंत्र वापरता येईना. कंपनीच्याच संशोधन केंद्रातल्या ल्युसी सचमन या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी माणसं जोडीने यंत्रापुढे उभी करून कॅमेरा लावला. चित्रफितीत नामांकित संगणकशास्त्रज्ञही त्या यंत्रापुढे अडखळताना दिसले. चाळीस वर्षं झाली त्याला! आणि लांब कशाला, २०२१मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले. फोन तापतो, अडकतो, अ‍ॅप इंग्रजीत. आंदोलन करून सांगितलं बायकांनी. ह्यांना ते गावीही नाही.

हां, सल्ला द्यायचा राहिलाच. पर्सोना, म्हणजे वापरणाऱ्या बाईचं नमुन्यादाखल काल्पनिक चित्र, बनवा: 'सुनीता, ३२, टेक-सॅव्ही'.

जाऊ दे, नाही जमत मला. माझी चौतीस पानी टिपणं गेली कुठे? पीपीटीत एकच वाक्य उरलं, 'छानच आहे', आणि शेजारी कुठल्यातरी हसऱ्या मॉडेलचा फोटो. अरे, दोन दिवस बसा ना त्या अंगणवाडीत! सकाळी जा, पोराला काट्यात बसवायला हात लावा, रात्री गच्चीवर चढा, आणि तोंड बंद ठेवा. तेही होत नसेल तर निदान 'ताईंशी बोलून बनवलेलं अ‍ॅप' असं पहिल्या पानावर छापू नका. ताई बोलल्या होत्या. मी शेजारी बसून लिहीत होते.