कोरण्याआधी रेषे बघा

अमेरिकन फर्निचर कलावंत वेंडेल कॅसल यांनी फळ्यांचे थर चिकटवून त्यातून खुर्च्या कोरल्या. या पद्धतीचं कौतुक करणारा लेख वाचला आणि ते मनापासून पटलं. मात्र सुतारकामाच्या वर्गात ही पद्धत शिकवताना कोरण्याची घाई नको. सगळ्या थरांतले लाकडाचे रेषे एकाच दिशेने हवेत. एखादी फळी आडवी बसली की हवा बदलताच ती वेगळ्या दिशेने फुगते-आकसते आणि सांधा उकलतो. लाकडातली ओल ८ ते १२ टक्के, आणि मुख्य म्हणजे सगळ्या फळ्यांत सारखी. रंधा मारला त्याच दिवशी गोंद लावा. क्लॅम्प (फळ्या दाबून धरणारा शिकंजा) आवळताना कडेने गोंदाचे बारीक थेंब सलग दिसले पाहिजेत. जिथे थेंब नाहीत, तिथेच पुढे पटाशीखाली काळी फट उघडते. मग २४ तास हात लावायचा नाही.